दाराखालची वीतभर वाट

मला मांजरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पायात घुटमळतात, दुधावर डोळा ठेवतात, आणि आपणच त्यांच्या घरी राहायला आलो आहोत अशा नजरेने बघतात. तरीही रेल्वेच्या नोकरीत मी ज्या ज्या क्वार्टरात राहिलो, त्या प्रत्येकाच्या मागच्या दाराची फळी खालून वीतभर कापलेली आहे. माझ्या जागी बदलून येणारे बाबू मला काय म्हणत असतील देव जाणे. बायकोने पहिली काही वर्षं कारण विचारलं, मग नाद सोडला. ही फळी कापायला मला उकंडा हरकाऱ्याने शिकवलं. त्याच्याशी मी कसा वागलो, हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

वाशीमच्या बाजूचं एक लहान स्टेशन होतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. लाइन पडून चार-पाच वर्षं झाली होती. मी तिथे मालबाबू म्हणून गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालं होतं, आणि शिस्तीचं फार वेड होतं. मालाच्या गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलेला. ज्वारीची पोती, सरकीची पोती, रेल्वेच्या पावत्यांचे गठ्ठे, सगळं कुरतडलेलं. मी स्टेशन मास्तरांकडे पिंजरे मागितले. मास्तर म्हणाले, "पिंजरे कायले? उकंडाले सांगा."

उकंडा टपालाचा हरकारा. सकाळच्या गाडीतून टपालाची थैली उतरली की ती घेऊन तो शेलूबाजारच्या रोखाने आतल्या खेड्यांकडे निघायचा. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं. चाळिशीचा, उंच, हाडकुळा, गालफडं बसलेली. हातात घुंगरं लावलेली काठी. डाव्या खांद्यावर सरकारी थैली आणि उजव्या हातात झाकणाची वेळूची टोपली. थैलीकडे तो नेहमी मान वळवून, टोपलीकडे खाली वाकून बघायचा. टोपलीत मांजर असायचं.

त्या सगळ्या मुलखात मांजर नको झालं की लोक एकच करायचे. पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, आणि वाट दिसू नये म्हणून चार शेतं फिरवून नाल्यापलीकडे सोडायचं. मारायचं नाही, कारण मांजर मारलं तर सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं म्हणे, आणि ते कोणाला परवडणार? सोडलेली मांजरं कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. नाला उकंडाच्या वाटेवर होता. तो ती उचलायचा, घरी ठेवायचा, बरी करायचा, आणि थैलीबरोबर पुढच्या गावांत नेऊन द्यायचा. रानातलं पिसाळल्यासारखं वागणारं मांजर असलं तर महिनाभर लागायचा. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखड्यांची जुनी-नवी जाळी होती.

त्याच्या आईची पहिली चार मुलं गेलेली. पाचवा हा. तो जगावा म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि शेजारणीने "कोनाचं तरी पडलं हाय" म्हणत उचलून आणून दिला. अशा मुलाला आमच्याकडे उकंडाच म्हणतात. मी एकदा त्याला थट्टेने म्हटलं, "उकंडा, तुझं आणि या मांजरांचं गोत्र एक दिसतं." तो हसला नाही. म्हणाला, "व्हय. मले बी कोनी उचललं म्हनूनच हावो."

माझ्या गोदामासाठी त्याने आणलेली मांजर पांढरी, पाठीवर तीन काळे ठिपके, म्हणून नाव ठिपकी. टोपली खाली ठेवली, पण झाकण उघडेना. आधी गोदामाभोवती फिरला. कुत्रं कुठे झोपतं, पाणी कुठे मिळेल, सगळं विचारलं. मी वैतागलो. म्हटलं, "मुलगी बघायला आलास का?"

"मंग? देयाची हाय ना," तो म्हणाला. "राती हे दार लावता काय?"

"कुलूप लावतो. रेल्वेचा माल आहे."

त्याने कमरेची पटाशी काढली आणि दारापाशी मांडी ठोकली. मी ओरडलो की ही सरकारी मालमत्ता आहे, नोकरी जाईल माझी. त्याने मान वर न करता खालची फळी वीतभर कापली, हात घालून पाहिला, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि मग टोपलीचं झाकण उघडलं. जाताना मूठभर ज्वारी मागितली. प्रत्येक घराकडून तो तेवढीच घ्यायचा. भाकरी करून, दुधात कुस्करून घरच्या मांजरांना घालायचा. फुकट दिलेल्या मांजराला लोक फुकटासारखंच ठेवतात, असं त्याचं म्हणणं होतं.

दिलेल्या मांजराची पुढच्या खेपेला चौकशी व्हायचीच. टपाल देता देता तो आत डोकवायचा. घुंगरांचा आवाज ऐकून मांजर बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर पत्र हातात ठेवून तो उभाच राहायचा. एका बाईने मांजर पळू नये म्हणून सुतळीने खाटेला बांधलं होतं. त्याने सुतळी कापली, मांजर टोपलीत टाकलं, मूठभर ज्वारी तिच्या सुपात परत ओतली आणि चालता झाला. त्या बाईचं पत्र त्या गडबडीत वाचून दाखवायचं राहिलं. तिला ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं.

धानोऱ्याच्या पाटलांना तर त्याने नाहीच म्हटलं. पाटलांच्या घरात धान्याच्या चार खोल्या, त्यांना उंदीर लागलेले. पाटलांनी मोठेपणाने सांगितलं, चांगली दोन मांजरं आण. उकंडा घर फिरून आला आणि म्हणाला, "पाटील, तुमच्या घरी दारं लय हायेत. सारी लागते. मांजर आत अडकन."

"आबे, मी तुले मांजर मांगून राह्यलो, पोरगी नाही मांगत."

"पोरगी असती त देली असती," उकंडा म्हणाला.

दहा माणसांसमोर झालेलं हे बोलणं पाटलांनी मनात ठेवलं. मला हा किस्सा उकंडाकडूनच कळला, आणि मी तो चारचौघांत रंगवून सांगत असे. त्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला पुढे कळलं.

एकदा गाडी फार उशिरा होती. थैलीची वाट पाहत तो गोदामाच्या पायरीवर बसला होता, ठिपकी त्याच्या मांडीवर. मी सहज विचारलं की दारांचं तुला एवढं काय आहे. त्याने सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला पुन्हा ऐकलं नाही.

"पयल्या पिलेगात गाव बाहीर निंघालं. सारे वावरात झोपड्या बांधून राह्यले. म्या नवं दार बसोलं होतं, सागाचं. फट नव्हती कोठी. सामान काढलं, कुलूप घातलं. माही सोनी सात वर्साची होती. मांजर घ्या, मांजर घ्या, बोंबलून राह्यली होती. म्या म्हनलं, मांजर काय, ते जाते कोठीबी. चाल."

तो ठिपकीच्या कानामागे खाजवू लागला.

"झोपडीत तिले गाठ आली. चवथ्या दिसी गेली. जातपावतर विचारून राह्यली होती, बाबा, मांजर कोठी हाय? म्या म्हनलं, बाहीर खेयून राह्यलं. दोन मयन्यानं घर उघडलं. दार ढकललं त जड लागलं. ते दारामागंच पडेल होतं, वाळून. दाराले आतून नखं मारेल होते, खालून वीतभर. नवं लाकूड, पांढरं निंघालं होतं."

"मग?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मंग बायको माहेरी गेली. ते आलीच नाही," उकंडा म्हणाला. तेवढ्यात गाडीची घंटा झाली आणि तो उठला.

त्यानंतरच्या हिवाळ्याची गोष्ट. त्या वर्षी मुलखात ज्वारी बुडाली होती आणि बाहेरून मालगाडीच्या वाघिणी भरून येत होत्या. एका सकाळी गोदाम उघडलं आणि पोत्यांच्या थप्पीमागे तीन मेलेले उंदीर दिसले. पोटं फुगलेली, अंगावर दाताची खूण नाही. दुसऱ्या दिवशी पाच. उंदीर पडणं म्हणजे प्लेग, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे समजावलं की हे लिहून कळवलं तर माल अडकेल, डॉक्टर येईल, स्टेशन रिकामं करतील, आणि पहिला जाब मालबाबूला विचारतील. बायकोला सातवा महिना होता. मी उंदीर चिमट्याने उचलून रॉकेल टाकून जाळले. पोती त्याच दिवशी बैलगाड्यांवर चढवली. धानोऱ्याच्या पाटलांची, पिंपळखेडची, वडगावची.

गाड्या भरत असताना उकंडा थैली घ्यायला आला. ठिपकी गोदामाबाहेर पायरीवर बसली होती. त्याने तिला उचलून आत सोडलं, ती उडी मारून बाहेर आली. पुन्हा सोडलं, पुन्हा बाहेर. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मालबाबू, आत काय मेलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

तो थोडा वेळ भरल्या गाड्यांकडे पाहत उभा राहिला, मग घुंगरं वाजवत गेला.

आठवड्याभरात स्टेशनाजवळच्या गावात ताप सुरू झाला. पाच माणसं गेली आणि गाव बाहेर पडलं. घरांना कुलपं लागली. उकंडा मात्र येता-जाता त्या ओस गावात शिरायचा. बंद दाराला कान लावायचा. आत आवाज आला तर छपराची कवेलू काढून आढ्यावरून उतरायचा आणि मांजर काढायचा. चौकीदाराने त्याला दोनदा चोर म्हणून धरलं. दोन्ही वेळा टोपलीत मांजरच निघालं. अकरा मांजरं काढली त्याने. घरी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती वाटेवरच्या गावांत दिली. सहा धानोऱ्यात, पाच पिंपळखेडात. मी त्याला म्हटलं नाही की आत्ता नको नेऊस. त्याला ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी धानोऱ्यात उंदीर पडले. सगळ्यांत आधी पाटलांच्या धान्याच्या खोल्यांत, जिथे एकही मांजर नव्हतं. मग पिंपळखेडात. मग वडगावात, जिथे उकंडाने त्या हिवाळ्यात काहीच दिलं नव्हतं. वडगावला फक्त माझी पोती गेली होती. पण वडगावकडे कोण बघतो? पिलेगच्या गावातली मांजरं दोन गावांत आली आणि पिलेग आला, एवढं लोकांना पुरलं.

धानोऱ्याचे पाटील आणि आठ-दहा माणसं एका सकाळी फलाटावर येऊन उभी राहिली. पाटलांचा थोरला मुलगा आदल्या दिवशी गेला होता. डोळे सुजले होते त्यांचे. शिवीगाळ झाली नाही. पाटील म्हणाले, "उकंडा, मांजर मारनं आमाले जमत नाही, पाप लागते. तुह्यं तू आनलं, तुह्यं तू घेऊन जाय. मंग घुंगरं घेऊन आमच्या शिवेत येऊ नोको."

मी खिडकीतून हे ऐकत होतो. हातात पोत्यांच्या पावत्या होत्या. उकंडाने मान वळवली आणि सरळ खिडकीकडे पाहिलं. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यं पुरली असती. मी पावत्या खालीवर केल्या. मास्तर माझ्या मागे उभे होते, हे खरं आहे, पण नसते तरी मी बोललो असतो की नाही, मला सांगता येत नाही. लाज वाटते. आजही वाटते.

"आनतो," उकंडा म्हणाला.

चार दिवस तो दोन्ही गावांत दारोदार फिरला. थैली दुसऱ्याने नेली. प्रत्येक दारात मूठभर ज्वारी परत केली आणि मांजर मागून घेतलं. दोन सापडली नाहीत. नऊ मांजरं घेऊन तो नाल्याकाठच्या जुन्या झोपड्यांत गेला. पहिल्या पिलेगात गाव जिथे राहिलं होतं, तीच जागा. एका झोपडीचं छप्पर अजून धड होतं. त्याला कोणी आपल्यात राहू देत नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलंही नाही.

बाराव्या दिवशी मी दूध घेऊन गेलो. झोपडीपासून वीस पावलांवर असताना आतून आवाज आला, "मालबाबू, तेथूनच बोला."

तो कुडाला टेकून बसला होता. ओठ काळे पडले होते, डावा हात अंगापासून दूर धरलेला. काखेत गाठ असली की माणूस हात असा धरतो. मांजरं त्याच्याभोवती आणि छपरावर पसरली होती. मी दूध खाली ठेवलं आणि जे फलाटावर बोलायला हवं होतं ते तिथे, रिकाम्या नाल्याकाठी, बोललो. उंदीर, पोती, मास्तर, वडगाव. बोलताना मी रडलो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "ठिपकी आत जात नव्हती तईच समजलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोलून काय? पोते कोनी वापस घेतले असते काय? जवारी त खाऊन राह्यले होते सारे." त्याला धाप लागली. "अन् मांजरं म्या वापस आनली नसती त लोकायनं दारं लावून घेतली असती. मारलं नसतं. मारत नाही कोनी. आत ठेवून दार लावते."

 त्याने मला माफ केलं की नाही, हे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

मग तो कुडाला धरून उठला. झोपडीला दार म्हणून तुरीच्या काड्यांचा ताटवा होता. एका हाताने त्याने त्याच्या दोऱ्या सोडल्या. फार वेळ लागला. मी पुढे झालो तर काठीने थांबवलं. ताटवा सुटल्यावर त्याने तो माझ्या दिशेने ढकलला.

"हे घेऊन जा. लांब नेऊन टाका."

"थंडी आहे रे. राहू दे रात्रीपुरतं."

"मी गेल्यावर लोक येतीन," तो म्हणाला. "आत येनार नाही कोनी. बाहीरूनच दार ओढून घेतीन अन् पेटवून देतीन. म्या पाह्यलं हाय. दारच नसलं त काय ओढतीन?"

मी तो ताटवा ओढत गाडरस्त्यापर्यंत नेला. तिथून एकदा वळून पाहिलं. झोपडीच्या तोंडाशी दोन मांजरं बसली होती आणि त्यांच्यामागे अंधारात त्याचे तळवे दिसत होते, हरकाऱ्याचे, भेगा पडलेले. तिसरं मांजर आतून आलं, त्याच्या पायांवरून उतरलं आणि माझ्या दुधाच्या भांड्याकडे गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फलाटावरून नाल्याच्या बाजूला धूर दिसला. मास्तर म्हणाले, बरं झालं, सुटला.  दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी तिकडे गेलो. चौकोनी राख उरली होती, मध्ये थोडी उंच. मी बाभळीची काठी घेतली आणि ती सगळी राख या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरून पाहिली. माणसाची हाडं होती. मांजराचं हाड एकही नव्हतं.